कोणत्या तबकड्या घ्याव्या

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल आणि अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर मी लिहिलं ते फक्त माहेरी खुशालीचं कार्ड. पण तू, माझी भाची, नवा फोनो घेतलास आणि भाषणांच्या कोणत्या तबकड्या घ्याव्या ते विचारलंस. तेव्हा चार माणसं बसली होती, मला बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

ग्रहणाची पहिली घे. त्यातला माणूस हळू बोलतो, मध्येच थांबतो, आपल्याला समजेपर्यंत वाट बघितल्यासारखा. दिवा आणि दोन लिंबं घेऊन करून बघा म्हणतो. मी कंदील लावून केलं. एका लिंबाची सावली दुसऱ्यावर पडते, अगदी तसंच.

मग वाफेची. ती वरणावरच्या झाकणापासून सुरू होते आणि आगगाडीच्या इंजिनापर्यंत जाते. डासांची तर घेच. स्त्रियांच्या कर्तव्याची मात्र घेऊ नकोस. त्यात माणूस ओरडतो, आणि सांगतो ते सगळं आपण करतोच.

या सगळ्या मी मलकापुरात डॉक्टरीणबाईंकडे ऐकल्या. नागपूरच्या हुकमाने त्यांची तिथे बदली झाली होती. चैत्रात मी त्यांच्याकडे कुरडयांना मदत करायला गेले. चीक शिजेपर्यंत त्यांनी ग्रहणाची तबकडी लावली. मला ती इतकी आवडली, की तिच्यावरची धूळ बघवेना. बाई आत गेल्यावर मी ती रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ धुतली आणि गच्चीवर कुरडयांच्या ओळीत उन्हात वाळत घातली.

दुपारी तिची कड भाजल्या पापडासारखी वळली होती. लावून पाहिली तर तो माणूस खाचखळग्यांतून जाणाऱ्या बैलगाडीत बसून बोलतोय असं वाटलं. बाई हसून हसून खाली बसल्या. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. किंमत अडीच रुपये. त्या घेईनात, मी ऐकेना. शेवटी दर आठवडी बाजाराला दोन आणे ठरले.

पहिल्या बाजाराला मी पैसे खिडकीत ठेवून निघाले, तर त्या म्हणाल्या, एवढ्या उन्हातून आलीस, एक बाजू ऐकून जा. मग तसंच सुरू झालं. दोन आणे आणि एक भाषण. ग्रहणाची तबकडीही त्यांनी पुन्हा मागवली.

आता खरं सांगते. भाऊबीजेचे तीन रुपये माझ्याजवळ होते. एकदम फेडता आले असते. पण कारणाशिवाय दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. पैसे फिटले असते, तर भाषणंही संपली असती.

डासांची ऐकल्यापासून मी दर आठवड्याला रांजण उपडा करू लागले. सासूबाईंचं डोकं फिरलं. भरलेलं पाणी ओतायला कोणी सांगितलं, म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं. तबकडीने, असं मी कसंबसं म्हटलं. त्याच आठवड्यात तिळाच्या गाडग्यात त्यांना माझे रुपये सापडले.

"काऊन वं, पैसे घरात हायेत, आन् तू दोन-दोन आने देऊन राह्यली?"

मी खाली बघत म्हटलं, "आत्याबाई, पैसे फिटले तं मंग जायाचं कसं?"

तीळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "येत्या बाजाराले मीबी येतो. रांजन ओताले सांगनाऱ्या त्या मान्साले मले इचारू दे."

त्या आल्या. फोनोसमोर मांडी घालून बसल्या. भाषण चालू असताना दोनदा त्याला "काऊन?" विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने पुढच्याच वाक्यात कारण सांगितलं. बाजू संपली तेव्हा म्हणाल्या, "मानूस खरा दिसते. पलटवा."

तोवर अकरा बाजार झाले होते. सासूबाईंनी राहिलेले एक रुपया दोन आणे आपल्या कनवटीतून काढून डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवले.

"घ्या बाई, सुनेचे फिटले. आता आमी दोघी येत जाऊ, पन ते आयकाले."