रेल्वेची पूर्व

"पूर्व म्हणजे कुठली हो? रेल्वेची की सूर्याची?"

कुरियरवाल्याने फोनवर पत्ता विचारला की आमच्या समोरचे काका त्याला आधी हा प्रश्न टाकायचे. मग आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, त्याला पार्सल द्यायचंय. सोडा त्याला." मग ते त्याला सोडायचे आणि पिठाच्या गिरणीपासूनची वाट शांतपणे समजावून सांगायचे.

आमची दारं समोरासमोर. त्यामुळे हा संवाद मला पाठ झाला होता. आता ऐकू येत नाही, तेव्हा तो लिहून ठेवावासा वाटतो.

डोंबिवलीबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस पूर्वेचा असतो किंवा पश्चिमेचा. लग्नाचं स्थळ असो, डॉक्टर असो की चांगली मासळी, पहिला प्रश्न तोच. रुळांच्या या अंगाला पूर्व, त्या अंगाला पश्चिम. आकाशातल्या दिशाही त्याप्रमाणेच असणार, असं गृहीत धरून आम्ही जन्म काढतो. पडताळून पाहावं असं कुणाला वाटत नाही. पुष्कळ वर्षं त्यांनाही वाटलं नव्हतं.

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या खरेदी खात्यातून ते निवृत्त झाले होते. मी ज्या वाचनालयात काम करत होते, तिथले ते सभासद. पुस्तक परत आलं की त्यात कुठेतरी समासात पेन्सिलीची बारीक खूण असायचीच. एका कादंबरीत नायिका अमावास्येच्या रात्री चांदण्यात भिजत बसली होती. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "कसं शक्य आहे?" मी रागावले, की सगळ्यांची पुस्तकं आहेत. त्यांनी खोडरबर मागून घेतलं, माझ्या टेबलाशी उभं राहून खूण पुसली आणि हळूच म्हणाले, "पुसली. पण चंद्र काही यायचा नाही."

असा माणूस तुमच्याही शेजारात असेल. छापलेल्या सूचना शेवटपर्यंत वाचणारा, आणि तरी स्वतःच्या डोक्यातली एखादी गोष्ट कधीही न तपासणारा.

काकूंच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं. धूर, उग्र वास, दमट हवा काहीही सोसायचं नाही. आणि आमच्या सोसायटीपासून रासायनिक कारखाने फार लांब नाहीत. वारा तिकडून वळला की हवेला एक आंबूस, घशाशी चिकटणारा वास येतो. आम्ही नाक मुरडतो आणि कामाला लागतो. काकूंना मात्र वाफ घ्यायचं मशीन लावून बसावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, खिडक्या बंद ठेवा.

पण काकूंना खिडकी हवी होती. पलंग खिडकीशीच होता. खालून जाणाऱ्या बायकांशी तिसऱ्या मजल्यावरून बोलणं, भाजीवालीशी कोथिंबिरीवरून वाद घालणं, शाळेतून सुटलेल्या पोरांची भांडणं ऐकणं, हेच आता त्यांचं बाहेर जाणं होतं. "खिडकी लावली की मला डब्यात भरल्यासारखं होतं," त्या म्हणायच्या. मग ते उठून उघडायचे, दहा मिनिटांनी बंद करायचे, पुन्हा उघडायचे. उघडण्याआधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावून गजांतून बाहेर धरायचे. ज्या बाजूने गार लागेल तिकडून वारा. काकू हसायच्या, "बोटाला कळतं, नाकाला कळतं, तुम्हालाच कळत नाही."

पुण्याला असलेल्या मुलाने दिवाळीत ते यंत्र आणून दिलं. घरगुती हवामान केंद्र. त्याचे दोन भाग. एक पांढरा, छपरावर खांबाला बसवायचा. त्याला वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट, पाऊस मोजायचं नरसाळं. दुसरा घरात ठेवायचा रंगीत पडदा. वरचा भाग बिनतारी खबर पाठवणार आणि खालचा ती दाखवणार. आतलं तापमान, बाहेरचं तापमान, दमटपणा, आणि गोल तबकडीवर वाऱ्याचा बाण.

त्यांनी पुस्तिका दोन दिवस वाचली. ठळक अक्षरात लिहिलं होतं की आधी बाहेरच्या भागात बॅटऱ्या घाला, मग आतल्या. मुलाने घाईत उलटं केलं होतं. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. काकांनी सगळ्या बॅटऱ्या काढल्या, चहा घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने रेघा जाऊन आकडे उमटले, तेव्हा मला हाक मारून बोलावलं. "बघ, वरचा बोलायला लागला."

तेव्हापासून त्या दोघांची नावं ठरली. छपरावरचा तो 'वरचा' आणि घरातली ती 'पाटी'. सकाळी दूध घेताना ते म्हणायचे, "थांब हं, वरच्याला विचारून येतो." आमचे सेक्रेटरी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका एकदम देवभोळे झालेत का हो? काकूंचं फार मनाला लावून घेतलंय वाटतं."

याच सेक्रेटरींनी आधी गच्चीवर खांब लावायला हरकत घेतली होती. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं की याच्यातून मोबाइलच्या टॉवरसारखे किरण येतात. काकांनी पुस्तिका उघडून त्यांना गच्चीतच बसवलं आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर सेक्रेटरींनी परवानगी दिली.

खांब पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहिला. प्लंबर शिडीवर होता, आम्ही चार-पाच जण खाली. पुस्तिकेत लिहिलं होतं, वरच्या भागावरची खूण बरोबर उत्तरेला करा, नाहीतर दिशा चुकीच्या दिसतील. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मोबाइलमध्ये कंपास आहे, लावून बघा."

"चाळीस वर्षं पूर्वेत राहतोय," ते म्हणाले. "मला कंपास कशाला?"

त्यांनी रुळांकडे बघितलं. आपण पूर्वेत, समोर पश्चिम. म्हणजे डावीकडे ठाणं ते दक्षिण आणि उजवीकडे कल्याण ती उत्तर. "खूण कल्याणकडे कर रे," त्यांनी प्लंबरला सांगितलं. सेक्रेटरींनी मान डोलावली. मीही डोलावली. प्लंबर आंबिवलीचा, रोज कल्याणवरून येणारा. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. इतकी माणसं एकमताने क्वचितच एखाद्या गच्चीवर उभी राहिली असतील.

कारखाने पूर्वेत, म्हणून त्यांनी नियम केला. पाटीवर बाण पूर्वेला आला की खिडकी बंद. इतर वेळी उघडी.

तो हिवाळा त्या घरात नाक आणि यंत्र यांच्या भांडणात गेला. पहाट उजळली की काकू म्हणायच्या, वास येतोय. ते पाटी बघून सांगायचे, शक्य नाही, वारा उत्तरेचा आहे. काकू म्हणायच्या, मग उत्तरेला नवा कारखाना निघाला असेल. कधी बाण पूर्वेला यायचा, ते धावत जाऊन खिडकी लावायचे, आणि वास नाहीच म्हटल्यावर समाधानाने म्हणायचे, "बघ, वेळेवर लावली म्हणून."

बाकी इमारतीला मात्र त्यांचा उपयोग व्हायला लागला होता. दमटपणा बघून ते जिन्यात बायकांना सांगायचे, आज गोधड्या धुऊ नका, वाळायच्या नाहीत. ते खरं ठरायचं. त्यामुळे पाटीवरचा त्यांचा विश्वास वाढत गेला. आकडे बरोबर येत होते, मग बाणच तेवढा कसा चुकेल?

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. काकूंना दम लागला होता. मी गेले तेव्हा खिडकी उघडी होती आणि खोली त्या वासाने भरली होती. मी खिडकी लावली, मशीन लावलं, पाठ चोळत बसले. ते पलंगाच्या पायथ्याशी पाटी हातात धरून उभे होते. काकूंचे ओठ जरा निळसर दिसत होते. "उत्तर म्हणतोय गं," ते मला म्हणाले. "अजूनही उत्तरच म्हणतोय."

श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. त्या दिवशी त्यांनी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला गेले. खिडकीच्या बंद काचेतून कोवळं ऊन पलंगावर आलं होतं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, ते शेजारी खुर्चीत. काकूंनी काचेकडे बोट केलं. कारखान्यांच्या धुरांड्यांच्या मागून सूर्य वर येत होता. दुसरं बोट त्यांनी भिंतीकडे वळवलेल्या पाटीकडे केलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "काल वारा तिथून आला. तुमची पाटी म्हणाली उत्तर. सूर्य उत्तरेला उगवतो का?"

ते काचेशी गेले. सूर्याकडे बघितलं, मग मान वळवून रुळांकडे, मग पुन्हा सूर्याकडे. माझ्या मोबाइलमधला कंपास मागून घेतला. आमचे रूळ ठाण्याहून कल्याणला जाताना उत्तरेला नाही, जवळजवळ पूर्वेला जातात. ज्या भागाला आम्ही पिढ्यान्पिढ्या पूर्व म्हणतो, तो खरं तर पुष्कळसा दक्षिणेकडे आहे. नकाशा बघणाऱ्या कुणालाही हे कळेल. पण राहत्या गावाचा नकाशा कोण बघतं?

ते हळूहळू हसायला लागले. मग काकू हसायला लागल्या, तशी त्यांना खोकला आला, तसे ते घाबरून थांबले. "म्हणजे मी तुला इतके दिवस..." ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुमचं काय चुकलं? रेल्वेनं सांगितलं ते तुम्ही ऐकलंत."

दुपारी ते स्वतः शिडीवर चढले. सेक्रेटरींनी शिडी धरली आणि मी मोबाइल. खूण फिरवून नीट झाली, तेव्हा जिन्याच्या जाळीला लावून उरलेला लाल ऑइलपेंट त्यांनी मागवला. टाकीच्या भिंतीवर एक लांब बाण काढला आणि त्याखाली लिहिलं, 'उत्तर (सूर्याची)'.

त्यानंतर काकूंना त्यांची खिडकी खऱ्या अर्थाने मिळाली. ते बोट ओलं करून बाहेर धरायचे, मग पाटी बघायचे, दोघांचं एकमत झालं की म्हणायचे, "उघडतो." बाण धुरांड्यांकडे सरकला की बोलता बोलता उठून लावायचे. काकू खालच्या भाजीवालीला सांगायच्या, "थांब गं, आमचा वारा फिरला, उरलेलं उद्या." दोन उन्हाळे, दोन पावसाळे असे गेले. वाफेचं मशीन कपाटात वरच्या खणात गेलं. आणि कुरियरवाल्यांच्या मागे तो प्रश्न लागला.

यंदा होळीच्या आधी ते गेले. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. आम्ही सगळे काकूंच्या श्वासावर कान ठेवून जगत होतो. त्यांच्या श्वासाकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

तेराव्यानंतर मुलाने काकूंना पुण्याला चला म्हटलं. "येते," त्या म्हणाल्या. "तिथे पूर्व पूर्वेलाच असते म्हणे. पण एवढ्यात नको."

तो गेल्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागले. खिडकी कायम बंद. मला वाटलं, दुःख आहे, असू दे. मग एकदा पाटीकडे लक्ष गेलं. आतलं तापमान दिसत होतं. बाहेरच्या सगळ्या आकड्यांच्या जागी आडव्या रेघा होत्या. बाणही नव्हता.

"तो बोलत नाही," काकू म्हणाल्या. "मग मी कुणाच्या भरवशावर उघडू?"

मी पुस्तिका शोधली. बॅटऱ्या कशा बदलायच्या, त्या पानाच्या समासात पेन्सिलीची खूण होती. ती मी पुसली नाही. सेक्रेटरींना घेऊन गच्चीत गेले. वरचा भाग खाली उतरवल्याशिवाय बॅटऱ्या बदलता येत नाहीत. सेक्रेटरींनी तो काढला, वाट्यांवरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली. परत बसवताना शिडीवरून त्यांनी विचारलं, "तोंड कुठे करू?" मी काही बोलायच्या आत त्यांना टाकीवरचा लाल बाण दिसला. रंग उन्हाने थोडा उडाला होता. त्यांनी खूण त्याच्या रेषेत आणली आणि बराच वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

खाली आले तेव्हा काकू पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रेघा होत्या, मग एकेक आकडा उमटत गेला. काकूंचा चष्मा दुसऱ्या खोलीत होता.

"वरचा काय म्हणतो गं?" त्यांनी विचारलं.

"वारा पश्चिमेचा आहे."

"कुठल्या?"

"सूर्याच्या."

"मग उघड."

मी खिडकी उघडली. खालचे आवाज एकदम आत आले. काकू पलंगावर गुडघ्यांनी पुढे सरकल्या, उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि गजांतून बाहेर धरलं.