भागिले पाच

आमच्या वसईच्या ऑफिसातली कपाटं कधीच भरली. जुन्या फायली रद्दीत देतो. किस्से मात्र रद्दीवालाही नेत नाही!

नाईक सर आणि मी, बिल्डिंगा भूकंपात टिकाव्यात म्हणून हिशेब करतो. मोठ्या भूकंपात इमारत वाकते, चिरते, सळ्या ताणल्या जातात. ते जसंच्या तसं मोजायला जन्म जाईल. म्हणून सोपी युक्ती: इमारत स्प्रिंगसारखी सरळ वागते असं धरायचं आणि येणाऱ्या जोराला पाचने भागायचं. बदल्यात खांब-बीमच्या सांध्यांत लोखंडी रिंगा दाट बांधायच्या, म्हणजे वाकली तरी मोडणार नाही.

हे लोकांना समजावता समजावता सर थकलेत.

*

एक बिल्डर म्हणाला, "सर, पाचनेच का? दहाने भागा की! स्टील कमी लागेल."

"भागतो," सर म्हणाले. "भूकंपालाही तसं कळवा, म्हणजे झालं."

*

रेश्मा आमची नवी इंजिनीअर, एम.टेक. झालेली. "सर, ही युक्ती जुनी झाली. मी खरं वाकणं-चिरणं धरून मॉडेल करते!"

आठवडाभर कॉम्प्युटर घरघरत होता. शेवटी रडवेली होऊन आली. "सर, बिल्डिंग पडली."

"कितव्या सेकंदाला?"

"भूकंप सुरू व्हायच्या आधीच! स्वतःच्याच वजनाने!"

"मग त्या भूकंपाला कशाला बोल लावायचा? चल, चहा घे."

*

आचोळ्यात सोसायटीची मीटिंग. एक गृहस्थ उसळले, "म्हणजे आमची नवी बिल्डिंग चिरणार, हे धरूनच डिझाईन करता?"

"हो. चिरेल, पण उभी राहील. तुम्ही सगळे जिन्याने खाली उतराल."

मग मागून एक काकू म्हणाल्या, "जिन्याने का? लिफ्ट देणार नाही का?"

*

राजोडीला एक कोळी दादा पर्यटकांसाठी दुमजली घर बांधत होते. "साहेब, खाली भिंत नको. बसल्या जागी पानी दिसायला पायजे."

"दादा, वर भिंती, खाली नुसते खांब! भूकंपात खालचा मजला आधी बसेल."

"मंग वरच्यांना जवळून दिसंल पानी!"

सरांनी हात जोडले. खांब मात्र जाड केले.

*

आणि हा नालासोपाऱ्याचा. स्लॅब भरायच्या दिवशी वर चढलो, तर सांध्यांत रिंगाच नाहीत! काँक्रीटची गाडी खाली उभी. बिल्डर ओरडला, "कॉम्प्युटरवर पास झालंय ना सगळं?"

"कॉम्प्युटरला मीच सांगितलं होतं, रिंगा आहेत म्हणून," सर म्हणाले.

"आता वेळ नाही. भरा रे!"

सर पुढे झाले. बूट काढले आणि सांध्यावरच्या सळ्यांवर मांडी घालून बसले. साठी उलटलेला माणूस, भर उन्हात! बिल्डर धावत जवळ आला.

"सर, उठा! काँक्रीट घट्ट होतंय!"

"मग लवकर बांधा. मीही घट्ट होतोय."

गाडी परत गेली. संध्याकाळपर्यंत रिंगा लागल्या, दुसऱ्या दिवशी स्लॅब भरला. आणि आठवड्याभरात बिल्डरने आमच्याकडचं काम काढून घेतलं! मी चिडून सरांना सांगितलं.

"रिंगा काढून घेतल्या?"

"त्या कशा काढणार? काँक्रीटमध्ये गेल्या."

"मग झालं," सर म्हणाले आणि डबा उघडला.