अमीनभाईंची साक्षीदार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरात नाही, कॉलेजात नाही. गेल्या आठवड्यात अमीनभाई गेले. ज्यांना सांगायला हवं होतं ते उरले नाहीत, आणि आता मी तुम्हाला सांगायला बसले आहे — यातला भित्रेपणा मला कळतो.

कोरेगावच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते. अमीनभाई ग्रंथालयाची पुस्तकं बांधून द्यायचे. एखादं फारच फाटलेलं असलं की हातात घेऊन म्हणायचे, "बाई, ह्याला वाळवी न्हाई, तुमची पोरंच लागल्यात."

त्यांचा मुलगा सलीम गॅरेजात कामाला होता. कुणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी त्याला उचललं. ठाण्यातून कॉलेजात निरोप आला — पंच म्हणून नोकरीतलं माणूस पाठवा. प्राचार्यांनी मला धाडलं. आरोपी चोरीचा माल काढून देतो, तेव्हा तिथे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, एवढंच पंचाचं काम.

मी पोचले तेव्हा मोटर ठाण्याच्या आवारात येऊन पडलेली होती. सलीम भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठायला गेला — त्याला उठता आलं नाही. फौजदार आमचाच जुना विद्यार्थी. त्यानं चहा मागवला. "बाई, तुम्हाला उन्हात ओढ्यापर्यंत कशाला चालवू? आम्ही आणलीच आहे. सही केली की सुटलात."

सलीमनं ओढ्याकाठच्या झुडपातून, माझ्यासमोर, मोटर काढून दिली असं पंचनाम्यात लिहिलं होतं. मी ते नीट वाचलं. आणि सही केली.

पण सांगायचं आहे ते हे नाही — किंवा एवढंच नाही.

सलीम जामिनावर सुटला. अमीनभाई ग्रंथालयात येऊन नुसते बसून राहायचे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला कायद्यानं वेगळं प्राधिकरण नेमलं आहे, हे मी वाचलेलं होतं. मीच त्यांना सांगितलं. अर्जही मीच लिहून दिला. का? दया आली म्हणून? की एका अर्जावर माझी सही फिटेल असं वाटलं? साक्षीदार कोण, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझंच नाव घेतलं. सहीचं त्यांना सलीमनं सांगितलेलं होतं. तरी रागाचा लवलेश नव्हता. "आवं बाई, त्यांनी करा म्हटलं, तुमी केली. आता फकस्त बघितलं तेवढं सांगा. तुमाला कोन खोटं म्हनंल?"

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. जैनबभाभींनी, त्यांच्या बायकोनं, माझ्यासाठीही शेंगपोळ्या बांधून दिल्या होत्या. चौकशीला एकेकाला आत बोलावत होते. अमीनभाई बाहेर बाकावर बसले. समोरच्या अधिकाऱ्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं — मोटर तुमच्यासमोर काढून दिली का? खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. मग सही कशी केलीत? कुणी विचारायच्या आधीच तो मला ऐकू आला. नोकरी, कॉलेज, माझं नाव...

"हो," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

बाहेर आले तर अमीनभाई उठून उभे राहिले. "सांगितलं?" मी मान डोलावली. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

तक्रारीत तथ्य नाही, असं कळवून आलं. तारखांना कंटाळून सलीमनं न केलेली चोरी कबूल केली. लोणंदच्या कारखान्यात लागणारी नोकरी पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत गेली. आता तो शिराळ्याकडे दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. फौजदाराच्या शब्दाला मात्र डाग लागला नाही. तो बढतीवर गेला. कोर्टात अजून त्याचा शब्द धरतात. त्यानंतर आणखी कुणाकुणाविरुद्ध धरला असेल? शोधलं असतं तर कळलं असतं. मी शोधलं नाही.

आणि अमीनभाई? ते भेटेल त्याला सांगत राहिले, "आमच्या बाईंचंसुदिक ऐकलं न्हाई त्यांनी." माझ्यादेखत सांगायचे. किती वर्षं! मी एकदाही त्यांना थांबवलं नाही.

मातीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पुरुष मयत घेऊन निघाले होते. सलीमनं पुढून खांदा दिला होता. आत बायका बसल्या होत्या. मला पाहून जैनबभाभी नव्यानं रडल्या. मग पदरानं तोंड पुसून सगळ्यांना म्हणाल्या, "ह्याच त्या बाई. आमच्यासाठी पुण्यापातूर गेल्या, पोलिसाच्या विरोधात बोलल्या. दुसरं कोनबी आलं न्हाई."

बायका सरकल्या. भाभींच्या अगदी शेजारी त्यांनी मला जागा करून दिली.

मी तिथे बसले.