कमानपट्ट्याची सुरी

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना तंबू घेऊन माहूरच्या रानात राहायचं खूळ लागलं. मी काही जमिनीवर झोपायला येणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. सुरी घ्यायला मात्र मी ह्यांच्यासोबत नांदेडला गेले. हे एकटे गेले असते तर चकाकी बघून काहीही उचलून आणलं असतं.

म्हाताऱ्या लोहारचाचांनी दोन सुऱ्या पुढं ठेवल्या. "ही स्टेनलेसची. गंजत न्हाई, पण धार गेली की रानातल्या दगडावर लवकर लागत न्हाई. ही ट्रकच्या कमानपट्ट्याची, चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादाची. कुठल्याबी दगडावर धार घेते, पण दर खेपेला पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. साहेब, याद ऱ्हाईल का?"

"ह्यांना?" मीच उसळले. "लग्नापासून ओला टॉवेल पलंगावर टाकून राहिलेत!"

चाचांनी हसून स्टेनलेसची पुढं सरकवली. ह्यांचा अंगठा मात्र कमानपट्ट्याच्या सुरीच्याच मुठीवरून फिरत होता. मला ते बघवेना.

"तीच द्या," मी म्हणाले. "पुसायला मी हाय की."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "म्हणजे तू येणार?"

"न येऊन काय करू? तेलाची बाटली तुम्ही घरीच विसराल."