घिरट्या

मुलीच्या ब्रसेल्समधल्या बाल्कनीतून मी विमानं बघत बसते. पूर्वी धावपट्टी मोकळी नसली की ती आभाळात घिरट्या घालायची, उगाच इंधन जाळत. माझी मुलगी या विमानांना वाट दाखवायचं काम करते. काल म्हणाली, “आई, आता आम्ही त्यांना लांबूनच कळवतो, जरा सावकाश या. म्हणजे आल्यावर थेट उतरता येतं.”

मला त्या वैमानिकांचा हेवाच वाटला. आधी हिच्या बाबांची, मग हिची वाट बघत मी जन्मभर तीच आमटी पुन्हा पुन्हा गरम केली. उशीर होणार, हे मला कुणी कधी कळवलंच नाही. पण हे मी तिला बोलले नाही.

आज संध्याकाळी फोन वाजला.

“आई, अर्धा तास उशीर होईल गं.”

मी गॅस बंद केला.