बसविलेला वीर

हे शंभो, स्मशानातील भस्म कपाळी धारण करून तू मृत्यूचाही अलंकार केलास. हे तुळजाभवानी, तू शस्त्र उचललेस आणि त्याच हाताने लेकराचे डोळेही पुसलेस. तुम्हां उभयतांच्या चरणी मस्तक ठेवून आज एका साध्या माणसाचे चरित्र सांगतो. त्याच्या हाती तलवार कधी आली नाही, बंदूक आली नाही. आली ती बोटाएवढी कोरणी. त्या कोरणीने ज्याने रणामागून रणे मांडली, तो उमरग्याचा बंडप्पा.

वसंतराव गुरुजींच्या छापखान्यात बंडप्पा लाकडी ठसे कोरीत असे. गुरुजींनी पाच जवानांची एक युद्धकथा रचली होती. दरमहा एक चित्रमय पुस्तिका निघे, नाव 'पंचवीर'. उमरग्याच्या मोटारतळावर ती संपे, भूमच्या बाजारात संपे, पार ईट गावापर्यंत जाई. निजामी गेल्यावर ती सुरू झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला. पंचवीर मात्र लढतच राहिले. गुरुजी लिहीत आणि बंडप्पा मारी. संगीन पोटात शिरे ती त्याच्या हातून, बुरूज कोसळे तो त्याच्या हातून. ठसा उलटा कोरावा लागतो. लाकडावरचा डावा हात कागदावर उजवा होतो. त्या उलट्या जगात बंडप्पाचे बोट कधी चुकले नव्हते.

मग हिमालयातले युद्ध झाले. आसपासच्या गावांत तारा आल्या, वेशीवेशीला आकांत झाला. त्यानंतर एके सकाळी गुरुजी म्हणाले, "बंडप्पा, पुढचा अंक निरोपाचा. पाचही जण खिंडीत पडतील."

"पाचही?"

"खरी पोरं मेली, आणि आपले वीर दर महिन्याला हसत घरी येतात. मला लाज वाटते रे."

"गुरुजी, चार पडू द्या. रणधीर राहू द्या."

"एक राहिला तर लोक त्याचीच वाट बघत बसतील."

बंडप्पा हळूच म्हणाला, "घरात एक जण बसलंयच वाट बघत."

काय होते त्या रणधीरात? ऐका.

संस्थान विलीन होण्याआधीच्या त्या पावसाळ्यात बंडप्पाच्या गावावर रझाकारांची टोळी चालून आली. वेस फोडली, घरांवर पलिते फेकले, आडाजवळ माणसे कापली. बंडप्पाचा थोरला भाऊ सिद्धलिंग कुऱ्हाड घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पहिला अंगावर आला, त्याचा खांदा त्याने उतरविला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर घाव घातला. मग गोळी आली ती मांडीत, दुसरी छातीत. तरी तो भिंतीला पाठ लावून उभाच. अखेर भाल्यांनी त्याला खाली पाडले, पाय धरून ओढीत नेले आणि पेटलेल्या कडब्याच्या गंजीत फेकले.

शेजारच्या हैदरभाई पिंजाऱ्याने बंडप्पाला आणि त्याची आई शिवम्मा हिला कापसाच्या ढिगाखाली दडविले होते. दार अडविताना हैदरभाईंनी स्वतःच्या दंडावर तलवार झेलली. आत कोणी नाही, हे म्हणणे सोडले नाही. ढिगाच्या फटीतून बंडप्पाने सारे पाहिले. आईचे डोळे त्याने तळहाताने घट्ट झाकून धरले होते.

गंजी दोन दिवस धुमसली. राखेत ओळखावे असे काही उरले नाही. या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला जाळीत नाहीत. स्नान घालून, भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून खड्ड्यात बसवितात. सिद्धलिंगाला कोणी बसविले नाही. आणि बंडप्पाने आईला सांगितले, "अव्वा, दादा निसटला. फौजेत गेलाय."

पुढे 'पंचवीर' निघाले तेव्हा त्याने रणधीरला भावाचे तोंड दिले, तोफेवरच्या गोलंदाजाला हैदरभाईंचे तोंड आणि नावही. दर महिन्याला पहिला छाप तो घरी नेई. शिवम्मेला अक्षर येत नव्हते. ती रणधीरच्या तोंडावरून बोट फिरवी आणि विचारी, "जेवतोय का रं हा? गाल बसल्यात." बंडप्पा पुढच्या अंकात गाल भरून देई.

आता त्याच हातांनी त्याला मारायचे होते.

त्याने मारले. बर्फ म्हणजे पांढरे, लाकूड काढून टाकायचे; रक्त म्हणजे काळे, लाकूड ठेवायचे. तो काढीत गेला, ठेवीत गेला. पहिल्या वीराच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. दुसरा हातबाँब छातीशी कवटाळून शत्रूच्या खंदकात उडी घेता झाला. तिसऱ्याची आतडी बाहेर आली, ती मुंडाशाने बांधून तो लढला. गोलंदाज हैदर तोफेवर ओणवा पडला, आणि त्याच्या भाराने अखेरचा गोळा सुटला. पाचव्या चित्रात रणधीर पालथा पडला. तोंड बर्फात. तोंड कोरायला बंडप्पाचा हात धजला नाही.

छाप घरी नेला, तेव्हा ते पान त्याने सदऱ्यात दडविले. अंगणात शिवम्मेने चित्रे पाहिली आणि हात पुढे केला.

"शेवटचं पान कुठाय?"

"न्हाय अव्वा, एवढाच अंक."

"चौघं मेली, अन् माझा कुठं गेला? बाजाराला? आण इकडं."

त्याने पान दिले. म्हातारीने ते कितीतरी वेळ पाहिले. रडली नाही.

"तोंड का लपवलंस त्याचं?"

"अव्वा, चित्र हाय ते. दादा फौजेत..."

"बंडू, त्या दिशी तू माझं डोळं झाकलंस, नाक न्हाय झाकलंस. मला तवाच ठावं झालं."

"मग इतकी वर्सं गाल बसल्यात म्हनत होतीस ती?"

"तुला त्यो जिता लागत हुता. म्हनलं, असू दे." मग तिने पानावर हात ठेवला. "पन असा पालथा न्हाय टाकायचा. मानूस हाय त्यो आपला. बसव त्याला."

सज्जनहो, आईने लेकाकडे लेकाची समाधी मागितली.

गुरुजी प्रथम कचरले. "रणात जवान मांडी घालून कसा बसेल?"

"हैदरला मातीत निजवू, तिघांना चिता देऊ. ह्याला मातर बसवू द्या गुरुजी. ज्याचं त्याला."

गुरुजींनी मान हलविली. "बसव."

बंडप्पाने नवे लाकूड घेतले. फुटलेली छाती कोरली, भाल्यांच्या जखमा कोरल्या, एकही लपविली नाही. वर ताठ मान, उघडे तोंड, कपाळी भस्माचे पट्टे. भोवती बेलपाने. शेवटी तळहात कोरून त्यावर लिंग ठेवले. यंत्रातून छाप निघाला, बंडप्पाने तो उजेडात धरला. लिंग उजव्या हातात आले होते.

जे बोट कधी चुकले नाही, ते तिथे चुकले. कोरताना ठसा कोरतो आहोत हे तो विसरला होता. समोर भाऊ बसला होता आणि त्याच्या डाव्या हातात त्याने लिंग दिले होते.

"लोकांच्या ध्यानात येणार नाही," गुरुजी म्हणाले.

"दादाच्या येईल," बंडप्पा म्हणाला, आणि दुसरे लाकूड उचलले.

पुन्हा छाती फोडली, पुन्हा भाले रोवले. आपल्याच भावाला त्याने तिसऱ्यांदा मारले. लिंग डाव्या तळहातावर नीट बसले.

तो छाप शिवम्मेने देव्हाऱ्यापुढे मांडला. रणधीरच्या कपाळावर खरे भस्म लावले, त्याच्या डोक्यावर खरे बेलपान ठेवले. हैदरभाई दारात येऊन उभे राहिले. दंडावरचा व्रण सदऱ्याखाली होता. गोलंदाजाच्या चित्राकडे पाहून ते म्हणाले, "बंडप्पा, मेरी मूँछ छोटी कर दी रे." म्हातारी पदरात हसली, आणि मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोकळी रडली.

हे महादेवा, बंडप्पाच्या कोरणीची धार अशीच राख. शिवम्मेची मांडी उबदार ठेव, हैदरभाईंच्या धनुकलीला कापूस कमी पडू देऊ नकोस. त्या अंगणातली चूल पेटती राहो, गंजी कधी न पेटो. आणि ज्याला बसविले, त्याला तुझ्या तळहातावर जागा दे.