परिशिष्टातलं माहेरचं नाव

एकोणीसशे साठच्या दशकात मी अकोल्याला राहून प्रबंध लिहीत होते. विषय होता कापूस वेचणाऱ्या बायकांची गाणी. माझे मार्गदर्शक अमरावतीला. महिन्या-दीड महिन्याने बडनेऱ्याला गाडी बदलून त्यांच्याकडे जायचं आणि त्यांनी लाल शाईने रंगवलेली पानं घेऊन चरफडत परतायचं, हा माझा नेम. राग तेव्हा माझ्या नाकावरच असे.

शेवटचं प्रकरण मात्र सरांना आवडणार याची मला खात्री होती. मूर्तिजापूरकडच्या एका गावातल्या आजीने स्वतः रचलेली ती गाणी. सासूने उपाशी ठेवलं, दिराने शेताचा तुकडा लाटला, सगळं त्यात होतं. सरांनी वाचलं आणि विचारलं, हे प्रबंधात घालायला आजींची परवानगी आहे का? मी म्हटलं, त्यांनीच तर गाऊन दाखवली.

"वावरात तुमच्यापुढे गायल्या, ग्रंथालयासाठी नाही," सर म्हणाले. "उद्या त्यांच्याच घरचा कॉलेजातला मुलगा हे वाचेल. मग त्या बाईंनी राहायचं कुठे?"

मला जास्तच राग आला. नाव गाळते म्हटलं, तर तेही त्यांना पटेना. रचना तिची, तर श्रेयही तिचंच. आजी नाही म्हणाल्या, तर प्रकरण काढायचं. अख्ख्या प्रबंधाचा जीव त्या प्रकरणात होता! पण सरांनी मला नुसतं पेचात टाकून सोडलं नाही. मुदतवाढीचा विद्यापीठाला अर्ज त्यांनीच लिहिला, आणि गावाऐवजी फक्त तालुका लिहा, असंही सुचवलं.

मी गावी गेले. आजी वावरात होत्या. ही गाणी कुठे ठेवली जातील, कोण वाचू शकेल, सगळं सांगितलं. त्या कापूस वेचतच ऐकत होत्या.

"मले त्याच घरात भाकर खा लागते, बाई," त्या म्हणाल्या.

संपलं, असं वाटलं. रडू येत होतं, ते कसंबसं आवरलं. वेचलेला कापूस ओटीत टाकून त्यांनीच विचारलं, नाव लिहावंच लागते का. मी हो म्हटलं.

"मंग माहं माहेरचं लिव. लग्नात सासरच्यायनं नाव बदललं. इथं ते आता कोणाच्याच ध्यानात नाई."

माझा जीव भांड्यात पडला. एक गाणं मात्र त्यांनी काढायला लावलं. चांगलं होतं, तरी मी मुकाट्याने काढलं. अमरावतीला हे सांगितल्यावर सर मोकळेपणाने हसले, आणि त्या प्रकरणाला जोडलेलं, आजींची गाणी आणि नाव असलेलं परिशिष्ट लाल शाईशिवाय परत आलं.

पदवी मिळाल्यावर बांधलेली प्रत घेऊन मी आजींच्या घरी गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचं बोट धरून मी त्या ओळीवर ठेवलं आणि नाव वाचलं.

"भाऊ गेल्यापासून या नावानं कोणी हाक नाई मारली," त्या म्हणाल्या. "अजून एकडाव म्हण."

मी पुन्हा म्हटलं, अगदी हळू. बाहेर ओसरीवर त्यांचे दीर बसले होते.